किल्लीवाल्याच्या नावाने

किल्ली बनवणाऱ्या माणसावर लोक किती सहज विश्वास टाकतात, याचं किल्लीवाल्याला पहिली दहा वर्षं नवल वाटायचं आणि पुढची वीस वर्षं अभिमान. बाकीच्या धंद्यांत गिऱ्हाईक माल उलटापालटा करून बघतं, घासाघीस करतं, पावती मागतं. इथे माणूस येतो, राहत्या घराची किल्ली समोर टाकतो आणि "दोन करून ठेवा हो मास्टर, मी आलोच" म्हणत निघूनही जातो. मनात आणलं तर तिसरी करून खिशात टाकायला कितीसा वेळ लागतो? किल्लीवाल्याने ती कधी केली नव्हती. साबणाच्या वडीवर उमटवलेला ठसा घेऊन कोणी आलं, तर तो वडी परत करायचा आणि हात धुऊन घ्या म्हणायचा. हल्ली किल्लीचा फोटो फोनवर दाखवणारेही येत. त्यांनाही तो तसंच वाटेला लावी. बंद दार उघडायला बोलावलं, तर शेजारच्या दोघांनी "हो, हे इथेच राहतात" असं सांगेपर्यंत हत्यारांची पिशवी सोडायची नाही, हा त्याचा शिरस्ता होता.

टपाल कचेरीच्या लांब भिंतीला लागून तीन टपऱ्या होत्या. एकीत किल्लीवाला, मधल्या टपरीत घड्याळवाला आणि पलीकडे बॅगांच्या चेन बसवणारी बाई. या तिघांत एक रीत होती. प्रत्येकाच्या टपरीची दुसरी किल्ली शेजाऱ्याकडे असायची. "जरा उघड रे माझी, वीजवाला येणार आहे" असा निरोप आला की उघडायची. कशाला, का, किती वेळ, हे विचारायचं नाही. घड्याळवाल्याची किल्ली किल्लीवाल्याकडे बावीस वर्षं होती आणि त्याची घड्याळवाल्याकडे. दोघं एकमेकांना अरे-तुरे करत, एकाच किटलीतला चहा पीत आणि दुपारची डुलकी आळीपाळीने काढत.

किल्लीवाल्याला एकच खोड होती, ती जिभेची. कोणी फसल्याचं कानावर आलं की याच्या अंगात यायचं. महिन्याभरापूर्वी समोरचा औषधवाला असाच फसला. पार्सल अडकलंय, पत्ता बरोबर करा, असा मेसेज आला, याने त्यातल्या लिंकवर बोट ठेवलं आणि बँकेतून बरीच रक्कम गेली. बिचारा सांगायला आला तर किल्लीवाला म्हणाला, "अहो, डोळे काय गहाण ठेवले होते? माझ्यापुढे माणूस सदेह उभा असतो, तरी मी त्याची चौकशी करतो." सगळी टपऱ्यांची ओळ हसली. घड्याळवाला तर भिंग डोळ्यावरून पडेपर्यंत हसला. तेव्हापासून औषधवाला दुकान उघडायला आला की हा इकडून हाक मारायचा, "काय, आलं का पार्सल?" औषधवाला कसनुसं हसून शटर वर करायचा.

त्या मंगळवारी घड्याळवाल्याची टपरी सकाळी बंद होती. अकराच्या सुमाराला किल्लीवाला एका कपाटाच्या किल्लीला कानस लावत होता, तेवढ्यात फोन वाजला. मेसेज घड्याळवाल्याचा. वर त्याचाच नंबर, त्याचाच तो बंद पडलेल्या घड्याळाच्या तबकडीचा फोटो. "अरे, नवा फोन घेतोय. माझा सहा आकडी कोड चुकून तुझ्या फोनवर आलाय. पाठव पटकन." आणि खरंच, त्याच मिनिटाला कोड येऊन पडला. कोडाखाली लिहिलं होतं की हा कोणालाही सांगू नका. किल्लीवाल्याने ते वाचलं. वाचलं नाही असं तो पुढे कधीच म्हणाला नाही. पण कोणालाही म्हणजे परक्याला, असं त्याने परस्पर ठरवून टाकलं. ज्याची किल्ली बावीस वर्षं आपल्या गल्ल्यात आहे, त्याला त्याचाच कोड द्यायला कसली आलीय चौकशी? घड्याळवाल्याला एक फोन लावून "तूच ना रे?" एवढं विचारलं असतं तरी भागलं असतं. पण टपऱ्यांच्या रीतीत ते बसत नव्हतं. त्याने काळ्या बोटांनी सहा आकडे टिपले आणि पाठवून दिले.

लगेच फोनवर आलं की तुमचा नंबर आता दुसऱ्या फोनवर चालू झाला आहे. मेसेज सगळे गेले. नेटवर्कने पुन्हा काहीतरी घोळ घातला असेल, असं म्हणत त्याने फोन खणात टाकला आणि कपाटाची किल्ली पुरी केली.

दोन वाजता औषधवाला रस्ता ओलांडून आला. पायांत घरातल्या चपला, चेहरा उतरलेला.

"मास्टर, वहिनींना काय झालं एकदम?"

"काय झालं? घरी आहे की. आत्ताच डबा पाठवलाय तिने."

औषधवाल्याने आपला फोन पुढे धरला. त्यावर किल्लीवाल्याचा फोटो होता, किल्लीवाल्याचा नंबर होता आणि खाली लिहिलं होतं, "बायकोला अचानक ॲडमिट केलंय. ऑपरेशन लगेच करायचंय. बोलायच्या स्थितीत नाही, फोन करू नका. जमेल तेवढे पाठवा, उद्या परत करतो." त्याखाली भलत्याच कोणाचा तरी पैसे पाठवायचा नंबर.

किल्लीवाल्याने मेसेज पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"एकदा पोळलोय, म्हणून विचारायला आलो," औषधवाला म्हणाला. "नाहीतर पाठवणारच होतो. हे तुमच्या यादीतल्या सगळ्यांना गेलं असणार. हातातलं काम टाका आणि एकेकाला फोन लावा. साधा फोन लागतो ना? मग लावा. माझ्या वेळेला पहिला तास मी रडण्यात घालवला, तोच नडला."

तो हसला नाही. पार्सलाचा विषयसुद्धा त्याने काढला नाही. ते हसणं परवडलं असतं, असं किल्लीवाल्याला वाटून गेलं.

मधली टपरी आता उघडी होती. घड्याळवाला डोळ्याला भिंग लावून एका मनगटी घड्याळात डोकं खुपसून बसला होता. किल्लीवाला त्याच्या फळीवर जाऊन आदळला.

"तुझ्या नंबरवरून मला मेसेज आला. कोड मागितलास. मी दिला."

घड्याळवाल्याने मान वर केली नाही. चिमटा तेवढा हातात थांबला.

"मी नाही मागितला," तो हळूच म्हणाला. "माझा नंबर परवाच गेला."

"परवा?"

"रविवारी. साडूच्या नावाने मला आला, तसाच. म्हणून तर सकाळी नवीन सिम घ्यायला गेलो होतो."

किल्लीवाल्याने मनात दिवस मोजले. रविवारी याचा नंबर गेला. सोमवारी हा दिवसभर आपल्या मांडीला मांडी लावून बसला. दोन वेळा चहा झाला. हवापाण्याच्या गप्पा झाल्या. बॅगवाल्या बाईच्या मशीनला तेल घालायला दोघांनी मिळून ते उचललं. आणि या माणसाने मूग गिळले.

"सोमवारी काय तोंड शिवलं होतं तुझं?"

"तुला येईल असं वाटलं नव्हतं रे. मला वाटलं, नंबर बदलला की संपेल."

"बावीस वर्षं, अरे बावीस वर्षं माझी किल्ली तुझ्याकडे! आणि केसाने गळा कापलास."

घड्याळवाल्याने भिंग काढून फळीवर ठेवलं. काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं होतं, पण किल्लीवाला ते ऐकायला थांबला नाही. त्याने खणातला फोन खिशात टाकला, आपल्या टपरीचं शटर खाली ओढलं, कुलूप घातलं आणि तडक घरची वाट धरली.

घरी बायकोने विचारलं, "अहो, इतक्यात?" डोकं दुखतंय, असं सांगून तो आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला. फोन खिशात थरथरत होता. त्याने तो मुका करून उशीखाली सारला. औषधवाल्याचं सांगणं त्याला कळलं नव्हतं असं नाही, चांगलं कळलं होतं. पण एकेकाला फोन लावायचा म्हणजे एकेकाला सांगायचं की मास्टर फसला. दारं उघडणाऱ्या मास्टरने आपल्याच दाराची किल्ली चोराच्या हातात ठेवली. उद्या चौकात हाका ऐकू येतील. त्या कशा असतील, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं? लोक काय एवढे खुळे नाहीत, त्यांना मेसेज बघून कळेलच, अशी त्याने मनाची समजूत घातली. आणि खरं सांगायचं तर त्या वेळातला बराचसा भाग त्याने घड्याळवाल्याला उद्या काय काय सुनवायचं, याची जुळवाजुळव करण्यात घालवला. अंगाचा नुसता तिळपापड होत होता. वाक्यं एकाहून एक झणझणीत सुचत होती.

सव्वाचारला मुलगी कामावरून धावत आली. एका वाहतूक कंपनीच्या कचेरीत ती बिलं बघायची. तिच्या मैत्रिणीला मेसेज गेला होता.

"आई ठीक आहे ना? बाबा, फोन का उचलत नाही? कोणाला कोड दिलात का?"

तो उठून बसला. "दिला."

"कधी कळलं तुम्हाला?"

"आत्ताच," किल्लीवाला म्हणाला.

 मुलीने फोन घेतला, त्याच नंबरवर मेसेजचं ॲप पुन्हा चालू केलं, नवा कोड मागवला आणि टाकला. मग त्यावर वेगळा सहा आकडी पिन बसवला, म्हणजे नुसत्या कोडावर पुन्हा कोणी आत शिरणार नाही. फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर फिरवून तक्रार नोंदवली. आणि म्हणाली, "कोड कोणीही मागू दे, मी मागितला तरी द्यायचा नाही. पैसे मागणारा मेसेज आला तर आधी त्या माणसाला फोन लावायचा, आवाज ऐकायचा आणि घरातल्याच माणसाला माहीत असेल असं काहीतरी विचारायचं. 'फोन करू नका' असं लिहिलेलं दिसलं की तिथेच समजायचं. आता यादी काढा."

यादी मोठी मजेदार होती. किल्लीवाला माणसांची नावं लिहून ठेवत नसे, दारं लिहून ठेवी. 'निळं दार दुसरा मजला', 'घट्ट कडी', 'कुत्र्यावाले', 'पितळी लॅच', 'तिजोरी विसरभोळे'. मुलगी एकेक वाचायची आणि तो फोन लावायचा. "मी मास्टर बोलतोय, किल्लीवाला. बायको बरी आहे. मेसेज मी नाही पाठवला. पैसे पाठवू नका." पहिल्या पाच फोनांना जीभ अडखळली, नंतर ती वाक्यं आपोआप येऊ लागली. कुत्र्यावाले म्हणाले, आम्हाला तेव्हाच कळलं, तुम्ही कधी इतकं शुद्ध लिहीत नाही. तिजोरी विसरभोळे म्हणाले, पाठवणार होतो पण पिन आठवला नाही. मुलगी हसली. किल्लीवाल्यालाही क्षणभर हलकं वाटलं.

दोघींनी पैसे पाठवले होते. चष्म्याच्या दुकानातल्या बाईंनी नुकतेच पाठवले होते. त्यांनी ताबडतोब बँकेला कळवलं आणि ते वाटेत अडवले गेले. दुसरी होती 'पितळी लॅच'.

पितळी लॅच म्हणजे निवृत्त नर्सबाई. तिसऱ्या मजल्यावर एकट्याच राहत. चार वर्षांपूर्वी त्या न्हाणीघरात पडल्या होत्या, घराच्या दाराला आतून लॅच, बाहेर शेजारी गोळा झालेले. किल्लीवाल्याने दार न फोडता उघडून दिलं आणि वर एक पैसाही घेतला नाही.

"पाठवले हो मी," त्या फोनवर म्हणाल्या. "होते नव्हते तेवढे सगळे पाठवले. दुखण्याखुपण्याला बाजूला ठेवलेले. तीन वीसला."

बँकेतल्या माणसाने दुसऱ्या दिवशी हात वर केले. पैसे इकडून तिकडे, तिकडून आणखी कुठे, असे तासाभरात चार ठिकाणी पांगले होते. बाईंनी कळवलं तेव्हा त्यातलं काही उरलं नव्हतं.

त्याच सकाळी किल्लीवाला घड्याळवाल्यापुढे जाऊन उभा राहिला. जुळवून ठेवलेली झणझणीत वाक्यं ऐन वेळी आठवली नाहीत.

"माझ्या टपरीची किल्ली दे," तो एवढंच म्हणाला आणि स्वतःच्या गल्ल्यातली घड्याळवाल्याची किल्ली काढून फळीवर ठेवली. "एका म्हाताऱ्या बाईचं सगळं गेलं. तुझ्यामुळे. सोमवारी एक शब्द बोलला असतास तर गेलं नसतं."

घड्याळवाल्याने खिळ्यावरची किल्ली काढून दिली. मग फळीवरची स्वतःची उचलून त्याच खिळ्याला अडकवली.

"बोलणार होतो. सोमवारी चहाच्या वेळी बोलणारच होतो. तेवढ्यात औषधवाला आला आणि तू ओरडलास, आलं का पार्सल. मग नाही बोलवलं."

"म्हणजे आता दोष माझा?"

"तसं नाही म्हणत. लाज वाटली रे. तू हसला असतास."

बॅगवाल्या बाईने मशीन थांबवलं होतं.  किल्लीवाला मागे वळला आणि कोऱ्या किल्ल्यांचे जुडगे उगाचच एका खिळ्यावरून दुसऱ्या खिळ्यावर लावत बसला.  किटली आली तेव्हा दोघांनी वेगवेगळे चहा मागितले. विश्वासघात झाला होता आणि तो झालाच होता, त्याला हसण्याची सबब चालणार नाही, असं किल्लीवाला स्वतःला पुन्हापुन्हा सांगत राहिला. संध्याकाळपर्यंत त्याला ते निम्मंच पटलं होतं.

तिसऱ्या दिवशी तो नर्सबाईंकडे गेला. दर महिन्याला थोडे थोडे करून फेडायचे, असं त्याने बायकोशी बोलून ठरवलं होतं आणि पहिला हप्ता पाकिटात घालून आणला होता. बाईंनी त्याला खुर्चीत बसवलं, चहा केला आणि पाकिटाला हातही लावला नाही.

"तुमचा काय दोष यात?" त्या म्हणाल्या. "तुम्हालाही फसवलंच ना. मला आधी वाटलं होतं फोन करावा. मग म्हटलं, भिडस्त माणूस, कधी कोणापुढे हात पसरला नाही. आता पसरलाय तर आपण प्रश्न विचारून त्याला आणखी लाजवू नये. म्हणून नाही केला."

किल्लीवाल्याने पाकीट पुन्हा त्यांच्याकडे सरकवलं.

"त्या घड्याळवाल्याला मात्र मी कधी क्षमा करणार नाही," बाई पुढे म्हणाल्या. "तुमच्या मुलीने सांगितलं मला फोनवर. दोन दिवस ठाऊक होतं आणि गप्प बसला. चोर तर चोरच, त्याच्याकडून काय अपेक्षा करणार? पण हा आपला म्हणवणारा. एक फोन करायला काय जड जात होतं?"

इथे मान हलवली असती, तरी चाललं असतं. विषय तिथेच संपला असता. बाईंच्या डोळ्यांत तो पूर्वीसारखाच राहिला असता. दोन वाजताची गोष्ट औषधवाल्याला ठाऊक होती, पण ती त्याने कोणाला सांगितली नव्हती आणि तो सांगणाराही नव्हता. मुलीला 'आत्ताच' म्हणून सांगून झालं होतं. किल्लीवाल्याने कप खाली ठेवला. त्याला फळीवरची किल्ली उचलणारा घड्याळवाला दिसत होता.

"तुम्ही तीन वीसला पाठवलेत ना?"

"हो. का?"

"मला दोनला कळलं होतं."

नर्सबाईंना पटकन उमगलं नाही. "म्हणजे?"

"औषधवाल्याने येऊन सांगितलं होतं, सगळ्यांना फोन लावा म्हणून. मी लावले नाहीत. घरी जाऊन झोपलो. झोपलो म्हणजे पडून राहिलो. सव्वाचारला मुलगी आली तेव्हा लावले."

"आजारी होता?"

"नाही. लाज वाटली."

 रुग्णाच्या कपाळावर हात ठेवून ताप बघावा तशा बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी टेबलावरचं पाकीट उचललं, उघडलं, आतल्या नोटा काढून मोजल्या आणि खणात ठेवल्या.

"पुढचा हप्ता पाच तारखेला आणा," त्या म्हणाल्या. "पेन्शन व्हायच्या आधी मला औषधं घ्यावी लागतात."

"आणतो."

"आणि या दाराचं कुलूप बदलायचंय मला."

"उद्या सकाळी येतो. माझ्याकडे चांगलं—"

"तुम्ही नको, मास्टर. दुसरं कोणी असेल तर सांगा."

किल्लीवाल्याने खिशातला कागदाचा कपटा काढला. मंडईमागे बसणाऱ्या दुसऱ्या किल्लीवाल्याचा नंबर त्याला तोंडपाठ होता. तो त्याने नीट, मोठ्या अक्षरांत लिहिला. खाली एक ओळ जोडली की माणूस प्रामाणिक आहे. ती ओळ वाचून त्याने मग खोडली आणि नुसता नंबर ठेवून तो उठला.